दोन्ही तंबूंतला माणूस

प्रस्तावना

कोलकात्यात फुटबॉलपटू मोठा झाला की त्याला एकच प्रश्न विचारला जातो: ईस्ट बंगाल की मोहन बागान? प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे साऱ्या देशाचे पीके, भारताचे कर्णधार झाले, ऑलिंपिकमध्ये गोल करून आले, आशियाई सुवर्णपदक गळ्यात घालून आले. पण या दोन क्लबांपैकी एकाकडूनही ते एखादा मोसम खेळले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेत नोकरीला होते आणि रेल्वेकडूनच खेळत राहिले. बूट उतरवल्यावर मात्र ते या दोन्ही क्लबांच्या तंबूंत शिरले. कोलकात्याच्या मैदानावर क्लबाच्या कचेरीला आजही तंबूच म्हणतात. आधी एका तंबूत आणि मग त्याच्या हाडवैऱ्याच्या तंबूत राहून त्यांनी दोघांनाही भरभरून जिंकून दिलं, आणि दोन्हीकडच्या माणसांनी त्यांना आपलं मानलं.

कोल्हापूरकराला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी यांचा सामना असला की पेठांमध्ये काय हवा असते ते त्याला ठाऊक आहे. पाटाकडीलला चार वर्षं करंडकांवर करंडक मिळवून देणारा प्रशिक्षक पाचव्या वर्षी शिवाजीच्या बाकावर येऊन बसला तर काय होईल, याची त्याने कल्पना करावी आणि मग ती अख्ख्या बंगालभर पसरवावी. 1976 साली पीकेंनी नेमकं हेच केलं.

त्यांच्या कारकिर्दीवर मराठीत पुस्तक का, असं कुणी विचारेल. पहिलं कारण आपल्या घरचं आहे. 1891 साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स कप हा एके काळी देशातल्या तीन मानाच्या स्पर्धांपैकी एक होता, आणि 1972 ते 1977 या सहा वर्षांत एक 1974 साल सोडलं तर कूपरेजवरचा तो कप दर वर्षी पीकेंच्याच संघाकडे गेला. 1972 साली तो ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यात वाटला गेला, 1973 आणि 1975 साली ईस्ट बंगालने एकट्याने नेला, 1976 आणि 1977 साली मोहन बागानने. 1974 साली तो गोव्याच्या धेंपो क्लबाने उचलला. त्या काळात कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून फुटबॉल पाहणाऱ्या मुंबईकराने पीकेंची दोन्ही रूपं पाहिली आहेत. बहुतेकांना ते आठवतात ते मात्र खेळाडू म्हणून, आणि तेही एखाद्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नापुरते.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असं नाही; बहुतेक वेळा होत नाही. खेळाडूचं शहाणपण पायांत असतं आणि बऱ्याचदा त्याचं त्यालाही ते सांगता येत नाही. दुसऱ्याच्या पायांत ते उतरवायचं तर आधी ते जिभेवर यावं लागतं. पीकेंचं आलं. किंबहुना बोलणं हेच त्यांचं सर्वांत मोठं हत्यार ठरलं. पैसा नाही, व्हिडिओ नाही, धड गवताचं मैदान नाही, अशा काळात त्यांनी शब्दांवर संघ उभे केले. त्या शब्दांनी काय काय साधलं आणि ते कुठे तोकडे पडले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पीकेंचा जन्म 23 जून 1936 चा, उत्तर बंगालातल्या जलपाईगुडीकडचा. कुटुंब पुढे जमशेदपूरला आलं. पोलाद कारखान्याच्या त्या गावात खेळाला मान होता आणि खेळणाऱ्याला नोकरीची आशा. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास ते संतोष करंडकात बिहारकडून उजव्या विंगला खेळले. 1954 साली कोलकात्याला येऊन आर्यन क्लबात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी ईस्टर्न रेल्वेत. त्या काळी फुटबॉलवर घर चालत नसे. घर रेल्वेच्या पगारावर चालायचं. मोठ्या क्लबांचा मोह सोडून ते रेल्वेत टिकले याचा हिशेब आधी या साध्या गोष्टीपासून मांडायला हवा.

या निवडीचं एक फळ अनपेक्षित होतं. 1958 साली बाघा सोम यांच्या हाताखाली ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांना बाजूला सारून एका कार्यालयाच्या संघाने पटकावलेलं ते विजेतेपद किती दुर्मीळ होतं? या तिघांबाहेरच्या संघाला लीग पुन्हा जिंकायला 2019 उजाडावं लागलं. लहान संघाला मोठ्यासमोर उभं राहताना काय वाटतं, आपल्या नावाने कुणी ओरडत नसताना पाय कसे हलवायचे, हे पीकेंनी तिथे अनुभवलं. पुढे लाखभर माणसं ज्यांच्या नावाने ओरडतात अशा संघांना ते घडवणार होते, पण त्यांची जडणघडण ओरडा नसलेल्या बाजूची होती.

खेळाडू म्हणून त्यांचं मोठेपण आकड्यांत पकडण्यापेक्षा मैदानावर पाहावं. उजव्या रेषेला चिकटून चेंडू घ्यायचा, बचावपटूला वेगाने मागे टाकायचं, आणि तो क्रॉसची वाट पाहत असतानाच आत वळून जोरकस फटका हाणायचा. चुनी गोस्वामींच्या पायात नजाकत होती, तुलसीदास बलराम यांच्याकडे जागा हेरण्याची बुद्धी होती. पीकेंकडे थेटपणा होता. ही तिघं एकत्र खेळली ती वर्षं भारतीय फुटबॉलची सर्वांत उजळ वर्षं होती. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 4-2 असा जिंकलेल्या त्या सामन्यात मुंबईच्या टाटा संघाच्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या संघात उजव्या विंगचे पीके वीस वर्षांचे होते. चार वर्षांनी रोमला ते कर्णधार म्हणून गेले आणि फ्रान्सविरुद्धच्या 1-1 अशा बरोबरीत भारताचा गोल त्यांचाच होता. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा फुटबॉलचा पहिला मान त्यांना मिळाला, यात कुणाला नवल वाटलं नाही.

या सगळ्या काळात एक माणूस बाकावर बसून त्यांना घडवत होता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. 2024 साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं. पण मुंबईच्या जुन्या प्रेक्षकांना ते आधीपासून ठाऊक होतं, कारण त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप नेला होता. रहीम यांचा आग्रह एकेका स्पर्शात पास देण्याचा, दोन्ही पायांनी खेळण्याचा, आणि चेंडूपेक्षा माणसाकडे जास्त लक्ष देण्याचा.

1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी जे केलं ते पीकेंनी जवळून पाहिलं. सुरुवातच दक्षिण कोरियाकडून 0-2 अशा पराभवाने झाली. मग थायलंडवर 4-1 असा विजय मिळाला, त्यात पीकेंचे दोन गोल. पण जर्नेलसिंग या आधारस्तंभ बचावपटूचं डोकं त्यात फुटलं. टाके घातलेल्या डोक्याने बचावात टक्कर घेणं अवघड. रहीम यांनी त्याला बसवलं नाही. पुढे आघाडीला नेलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या 3-2 अशा उपांत्य सामन्यात जर्नेलने गोल केला. 4 सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेला येऊ न दिल्याबद्दल भारतीय क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी उघड टीका केल्याने यजमान चिडलेले. सेनायन स्टेडियममधलं लाखभर लोकांचं पब्लिक भारताच्या विरोधात पेटलेलं. सामन्याआधी रहीम यांनी मुलांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असं त्या संघातल्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. सतराव्या मिनिटाला पीकेंनी गोल केला, विसाव्याला जर्नेलने. भारत 2-1 असा जिंकला. रहीम यांना कर्करोग होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

या एका स्पर्धेत पीकेंच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा दिसतो. जखमी बचावपटूत आघाडीवीर पाहणं ही डावपेचाची बुद्धी झाली. तापलेल्या मैदानावर उतरण्याआधी अकरा जणांकडून एक गोष्ट मागणं, ही दुसरी विद्या. रहीम यांच्याकडे दोन्ही होत्या. शिष्याने दोन्ही घेतल्या, पण त्यांचं माप सारखं राहिलं नाही.

1967 साली खेळ थांबला. 1972 साली पीके ईस्ट बंगालमध्ये आले तेव्हा क्लब आधीच सलग दोन वर्षं लीग जिंकत होता. त्यांनी ती मालिका 1975 पर्यंत नेली. सलग सहा विजेतेपदं. पहिल्याच मोसमात ईस्ट बंगालने लीगभर एकही गोल खाल्ला नाही, शिवाय आयएफए शील्ड आणि ड्युरँड कपही जिंकला. 1973 च्या शील्डच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्योंगयांग शहर संघाला 3-1 असं हरवलं. परदेशी संघ आला की हरायचंच, ही सवय मोडणाऱ्या सामन्यांत त्याची गणना होते.

पण करंडकांपेक्षा माणसांत पाहिलं तर त्यांची पद्धत जास्त कळते. सुभाष भौमिक हा धिप्पाड आघाडीवीर मोहन बागानने सोडून दिलेला; तो संपला असंच बोललं जात होतं. 1973 साली तो ईस्ट बंगालमध्ये आला. पीकेंनी त्याला घाम गाळायला लावलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तू संपलेला नाहीस हे त्याच्या गळी उतरवलं. त्याच्या पायांतला फुटबॉल कुठेही गेला नव्हता. गेला होता तो भरवसा. पुढची तीन वर्षं भौमिकने बचावफळ्या फोडून काढल्या, आणि आपल्या दुसऱ्या जन्माचं श्रेय तो आयुष्यभर पीकेंना देत राहिला. पीकेंचं हे बोलणं कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आईची आठवण, देशाचं नाव, जर्सीची अब्रू, क्लबाचा इतिहास, कुणाची जुनी जखम: ज्याला जे लागू पडेल ते. अकरा जणांना एकच भाषण देणारा वक्ता वेगळा, आणि अकरा जणांच्या अकरा नाड्या ओळखणारा वेगळा. पीके दुसऱ्या प्रकारचे होते.

30 सप्टेंबर 1975. आयएफए शील्डचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. ईस्ट बंगालने 5-0 असा विजय मिळवला. या दोन क्लबांच्या लढतीतला, म्हणजे डर्बीतला, हा फरक आजवर कुणाला ओलांडता आलेला नाही. श्याम थापाने दोन गोल केले. मोहन बागानचा तरुण गोलकीपर भास्कर गांगुली चार गोल खाऊन मैदानाबाहेर गेला. हरलेल्या संघात पीकेंचे धाकटे भाऊ प्रसून बॅनर्जी होते. त्या पराभवाने मोहन बागानच्या एका चाहत्याने जीव दिला. विजयाच्या या बाजूबद्दल आपल्याकडची क्रीडाचरित्रं सहसा बोलत नाहीत. या पुस्तकात मी ती झाकलेली नाही, कारण ज्या भावनेवर पीके संघ पेटवत होते तीच भावना स्टँडमध्येही पेटत होती, आणि तिथे तिला आवरणारा कोच नव्हता.

पुढच्या वर्षी ते मोहन बागानच्या तंबूत गेले. ज्यांनी आदल्या वर्षी पाच गोल खाल्ले होते त्यांच्यासमोर, ते गोल ज्याने घडवून आणले तो माणूस उभा राहिला. पहिला प्रश्न विश्वासाचाच असणार. त्याला मैदानावर उत्तर मिळालं: 1976 च्या लीगमधल्या डर्बीत महंमद अकबरने पहिल्याच मिनिटात गोल केला, मोहन बागान 1-0 असा जिंकला आणि ईस्ट बंगालची सहा वर्षांची मक्तेदारी संपली.

1977 हे वर्ष पीकेंच्या प्रशिक्षणाचा कस लावणारं होतं, म्हणून त्यावर मी सविस्तर लिहिलं आहे. लीग ईस्ट बंगालने परत घेतली होती, त्यामुळे मोहन बागानच्या तंबूत सुतकी कळा. अशात 24 सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्क कॉसमॉस संघाशी सामना ठरला. त्यांच्याकडे कार्लोस आल्बेर्तो होता, किनालिया होता, आणि स्वतः पेले होता. एका आठवड्याने पेले आपला निरोपाचा सामना खेळणार होता, त्यामुळे सारं शहर त्याला डोळे भरून पाहायला लोटलेलं. पाऊस पडून मैदान चिखलाचं झालेलं. प्रशिक्षकापुढची खरी अडचण अशी की आपलेच खेळाडू पेलेकडे भाविकाच्या नजरेने पाहत असताना त्यांना त्याच्या पायातला चेंडू काढायला कसं लावायचं? गौतम सरकारला पीकेंनी पेलेच्या मागे लावलं. बाकीच्यांना पेलेचं दर्शन सामन्यानंतर घेता येईल असं ठसवावं लागलं. श्याम थापा आणि महंमद हबीब यांच्या गोलांनी मोहन बागान 2-1 असा पुढे होता. अखेरीस एका वादग्रस्त पेनल्टीवर किनालियाने बरोबरी साधली. 2-2.

बरोबरीने करंडक मिळत नाही. पण खचलेल्या संघाला त्या दिवशी आपली उंची कळली. थोड्याच दिवसांत आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी ईस्ट बंगालला 1-0 असं हरवलं आणि गोल केला तो श्याम थापानेच, ज्याने दोनच वर्षांपूर्वी याच मोहन बागानला दोनदा छेदलं होतं. मग ड्युरँड, मग मुंबईत रोव्हर्स. एका मोसमात तिन्ही मानाचे कप. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघराज्यातल्या आरारात येरेवान संघाशी 2-2 अशी बरोबरी करून शील्डचं संयुक्त विजेतेपदही मिळालं.

1980 साली पीके पुन्हा ईस्ट बंगालमध्ये होते. बरेच खेळाडू क्लब सोडून गेले होते आणि मजीद बिश्कर, जमशीद नसीरी या इराणी मुलांना घेऊन संघ नव्याने बांधला जात होता. 16 ऑगस्टला ईडन गार्डन्सवरच्या डर्बीत मैदानावरची झटापट स्टँडमध्ये पसरली, दंगल झाली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 प्रेक्षक मेले. त्याचा दोष कुणा प्रशिक्षकाच्या माथी मारता येणार नाही. बंदोबस्त, बैठकव्यवस्था, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांची सरमिसळ, अशी कारणं होती. तरीही पीकेंच्या काळाचा इतिहास लिहिताना ही तारीख गाळून पुढे जाता येत नाही.

आता मर्यादेकडे येतो. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यांपासून 1986 पर्यंत, मधूनमधून खंड पडत, भारतीय संघाची सूत्रंही पीकेंकडे होती. इथे त्यांच्या नावावर जाकार्तासारखं काही नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कर्णधार होता भास्कर गांगुली, 1975 साली चार गोल खाऊन बाहेर गेलेला तोच गोलकीपर. उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाने अगदी शेवटच्या क्षणी गोल करून 1-0 असं हरवलं. 1970 साली बँकॉकला मिळालेलं कांस्य हे फुटबॉलमधलं भारताचं शेवटचं आशियाई पदक ठरलं.

असं का व्हावं? क्लबाचा खेळाडू रोज डोळ्यांसमोर असतो. त्याची नाडी कळते, त्याला आज हबीबच्या शेजारी बसवायचं की एकटं सोडायचं हे कळतं. देशाचा संघ शिबिरापुरता हाती येतो, आणि तो येतो तेव्हा क्लबांच्या भरगच्च मोसमाने दमलेला असतो. जपान, कोरिया, आखाती देश या काळात मुलांच्या वयोगटांपासून प्रशिक्षण, आहार, वैद्यक, परदेशी सामने यांवर पैसा ओतू लागले होते. आपल्याकडे त्याच्या जागी एक माणूस आणि त्याचं बोलणं होतं. नव्वद मिनिटांपुरतं माणसाला त्याच्या उंचीपेक्षा उंच करता येतं. दहा वर्षांचं काम नव्वद मिनिटांच्या भाषणाने भरून निघत नाही. पीकेंनाही हे उमगलं असावं, कारण 1991 ते 1997 ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे तांत्रिक संचालक होते. म्हणजे ज्या गावात स्वतः खेळायला शिकले तिथेच, कोवळ्या मुलांबरोबर.

तिथून ते थेट आपल्या सर्वांत गाजलेल्या दिवसाकडे आले. 1997 च्या फेडरेशन कपची उपांत्य फेरी, 13 जुलै, सॉल्ट लेक स्टेडियम, सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक. ईस्ट बंगालच्या बाकावर पीके आणि मोहन बागानच्या बाकावर अमल दत्त. दत्त हे दुसऱ्या टोकाचे गृहस्थ. स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडला जाऊन प्रशिक्षण शिकून आलेले, परदेशी सामन्यांच्या फिती आणून प्रोजेक्टरवर दाखवणारे, डावपेचांत रमणारे. त्या मोसमात त्यांच्या ‘डायमंड’ रचनेने मोहन बागान सगळ्यांना धूळ चारत होता. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची वर्तमानपत्रांतून टवाळी केली: भायचुंग भूतियाला चुंग-चुंग, केनियाच्या ओमोलोला ऑम्लेट, सोसोला काकडी. पीके बाहेर फारसं बोलले नाहीत. त्यांना हवी होती ती काडी प्रतिस्पर्ध्यानेच आणून दिली होती. सरावात आणि ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी ती टोपणनावं त्या त्या मुलाच्या मनात धगधगत ठेवली. ईस्ट बंगाल 4-1 असा जिंकला, भूतियाची हॅटट्रिक.

ही गोष्ट कोलकात्यात हजारदा सांगितली जाते आणि बहुतेक वेळा इथेच थांबते. तिच्या पुढचा भाग गोव्यात माहीत आहे. तो उपांत्य सामना होता. अंतिम सामन्यात साळगावकर संघाने याच ईस्ट बंगालला 2-1 असं हरवलं आणि कप गोव्याला नेला. साळगावकरच्या मुलांनी कुणाची टवाळी केली नव्हती. पेटवायला काडी नव्हती, आणि समोर एक नीट बांधलेला, डोकं शांत ठेवून खेळणारा संघ होता. पीकेंच्या सामर्थ्याची आणि मर्यादेची इतकी जवळजवळ ठेवलेली दोन चित्रं त्यांच्या कारकिर्दीत दुसरीकडे सापडत नाहीत.

मान त्यांना मिळाले: 1990 साली पद्मश्री, 2004 साली फिफाचा शताब्दी सन्मान. 20 मार्च 2020 रोजी, देश टाळेबंदीच्या उंबरठ्यावर असताना, ते गेले. चुनी गोस्वामी त्याच एप्रिलच्या अखेरीस गेले, बलराम 2023 साली. त्रिकूट संपलं.

त्यांचा वारसा शोधायचा तर 2003 च्या जुलैमध्ये जायला हवं. ईस्ट बंगालने जाकार्तात आसियान क्लब अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला 3-1 असं हरवलं. तिसरा गोल गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा. मैदान तेच, जिथे 1962 साली पीकेंनी सुवर्णपदकासाठी गोल केला होता. आणि ईस्ट बंगालचा प्रशिक्षक होता सुभाष भौमिक, मोहन बागानने टाकून दिलेला आणि पीकेंनी उचलून उभा केलेला. भौमिकने मुलांना फक्त बोलून नेलं नव्हतं. स्पर्धेआधी त्यांना पंचतारांकित हॉटेलात ठेवून, आहार आणि व्यायामाची शिस्त लावून, खेळाडूंच्या शरीराची निगा घेत तयारी केली होती. गुरूची जीभ त्याने घेतली आणि गुरूला जे मिळालं नव्हतं ते क्लबाकडून मागून घेतलं.

पुढची प्रकरणं वाचताना वाचकाने एवढं एक धरून चालावं अशी विनंती आहे. पीकेंच्या भाषणांच्या कथा रंगतदार आहेत, आणि त्या सांगताना मीही रंगलो आहे. पण त्यांच्या नावाने ऊर भरून येणाऱ्या आपल्या फुटबॉलने पन्नास वर्षं एक सोय करून घेतली: मैदानं, अकादम्या, मुलांच्या लीग, प्रशिक्षकांचं शिक्षण यांवर करायचा खर्च टाळायचा, आणि मग एखाद्या पीकेने येऊन मुलांच्या अंगात वारं भरावं अशी वाट पाहायची. त्या माणसाने आपल्या वाट्याचं काम इतकं चोख केलं की बाकीच्यांनी आपलं न केलेलं काम झाकलं गेलं. त्यांच्यावर प्रेम असलेल्या प्रत्येकाने हा हिशेब मांडायला हवा. निदान मला तरी तो मांडल्याशिवाय हे पुस्तक लिहिता आलं नाही.